गर्भधारणा-निदान, वंध्यत्वोपचारोत्तर

वंध्यत्वावरील उपचारांनंतर गर्भ राहिला आहे की नाही याची खात्री करून घेणे आणि राहिलेला गर्भ पहिल्या सु. तीन महिन्यांत योग्य जागी व योग्य गतीने वाढत आहे की नाही यावर लक्ष ठेवणे, या दोन्ही क्रियांचा समावेश या संज्ञेत होतो. निसर्गतः राहणाऱ्या गर्भाच्या बाबतीत मासिक पाळी चुकल्यावर प्रथम शंका येते व गर्भधारणेचा नेमका दिवस बहुधा अज्ञातच असतो. उपचारांनंतर स्थिती याच्या उलट असते. अंडमोचनाचा, कृत्रिम वीर्यसेचनाचा किंवा गर्भाशयात भ्रूण ठेवल्याचा दिवस लिहून ठेवलेला असतो. त्यामुळे निसर्गाकडून कोणतीही खूण मिळण्यापूर्वीच वैद्य व दांपत्य उत्तराची वाट पाहू लागतात. हे उत्तर तीन टप्प्यांनी मिळते : गर्भ रुजला आहे काय, तो गर्भाशयातच रुजला आहे काय आणि तो जिवंत आहे काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर रक्ताची वा मूत्राची परीक्षा देते, तर उरलेल्या दोहोंचे श्राव्यातीत ध्वनिचित्रण (सोनोग्राफी) देते.

या साधनांचा इतिहास आणि वंध्यत्वोपचारांचा इतिहास एकमेकांत गुंतलेले आहेत. ज्या हॉर्मोनावरून गर्भ ओळखला जातो तेच उपचारात औषध म्हणूनही वापरले जाते. या दोन्ही शाखांतील काही संशोधकही तेच आहेत. निदान जसजसे लवकर होऊ लागले, तसतसे त्याचे स्वरूपही पालटले. पूर्वी ते एकदाच दिले जाणारे ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर होते. आता ती काही आठवडे चालणारी व प्रत्येक पायरीवर संभाव्यता बदलणारी प्रक्रिया झाली आहे.

प्राचीन व मध्ययुगीन पद्धती : इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या सुमाराच्या ईजिप्शियन पपायरसांत गर्भ ओळखण्याची एक कृती आढळते. स्त्रीने गहू व सातू यांच्या दाण्यांवर रोज मूत्र शिंपडावे. दाणे उगवल्यास ती गर्भवती समजावी आणि कोणते धान्य आधी उगवते त्यावरून अपत्याचे लिंग ओळखावे, असे त्यात सांगितले आहे. १९६३ मध्ये ईजिप्तमधील संशोधकांनी हा प्रयोग करून पाहिला. गर्भवती स्त्रियांच्या मूत्राने सु. ७० टक्के वेळा दाणे उगवले, तर पुरुषांच्या व गर्भवती नसलेल्या स्त्रियांच्या मूत्राने ते उगवले नाहीत. लिंगाविषयीचे अनुमान मात्र निराधार ठरले. मूत्रात काहीतरी खूण असते ही कल्पना म्हणजे पुढील सर्व परीक्षांचे बीज होय.

भारतीय वैद्यकात सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भ नुकताच राहिल्याची लक्षणे दिली आहेत. थकवा, ग्लानी, तहान, मांड्या गळून जाणे इत्यादींचा त्यांत समावेश आहे. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते व स्त्री दोन हृदयांची होते, म्हणून तिला ‘दौहृदिनी’ म्हणावे, असेही तेथे सांगितले आहे. मराठीतील ‘डोहाळे’ हा शब्द याच शब्दकुळातील आहे. मध्ययुगीन यूरोपात काचेच्या भांड्यात मूत्र धरून त्याचा रंग व गढूळपणा यांवरून निदान करणारे वैद्य होते. त्यांच्या निदानाला शास्त्रीय आधार नव्हता. या सर्व काळात गर्भाची हालचाल जाणवणे हीच खरी खात्री मानली जाई व ती बहुधा चौथ्या-पाचव्या महिन्यात होई. म्हणजेच निदानाचा शेवटचा अधिकार स्त्रीच्या स्वतःच्या अनुभवाकडे होता.

शारीरिक चिन्हे : एकोणिसाव्या शतकात हा अधिकार वैद्याच्या तपासणीकडे सरकू लागला. जिनीव्हा येथील फ्रांस्वा मायॉर यांनी १८१८ मध्ये मातेच्या उदरावर कान ठेवून गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकल्याची नोंद केली. पुढे फ्रेंच वैद्य केर्गारादेक यांनी त्यासाठी स्टेथॉस्कोप वापरला. योनिमार्ग व गर्भाशयग्रीवा यांना येणारी निळसर छटा व गर्भाशयाच्या खालच्या भागाला येणारा मऊपणा ही चिन्हे या शतकाच्या उत्तरार्धात वर्णिली गेली. ती अनुक्रमे चॅडविक व हेगार यांच्या नावांनी ओळखली जातात. मात्र ही चिन्हे पाळी चुकल्यानंतर काही आठवड्यांनीच दिसतात व त्यांवरून गर्भ जिवंत आहे की नाही हे कळत नाही.

जैव परीक्षा : बर्लिन येथील शारिटे रुग्णालयातील झेल्मार आशहाइम (१८७८–१९६५) व बेर्नहार्ट त्सोंडेक (१८९१–१९६६) यांनी १९२७-२८ मध्ये पहिली विश्वसनीय परीक्षा शोधून काढली. गर्भवती स्त्रीच्या मूत्राची अंतःक्षेपणे अप्रौढ उंदरीला दिल्यास तिच्या अंडाशयांत पुटके वाढतात व रक्तस्रावाचे ठिपके दिसतात, असे त्यांना आढळले. एका परीक्षेसाठी अनेक उंदीर लागत व त्यांना मारून अंडाशय तपासावे लागत. निकालाला चार-पाच दिवस लागत, तथापि परीक्षेची अचूकता सु. ९८ टक्के होती. १९३३ मध्ये नाझी राजवट आल्यावर ज्यू असल्यामुळे दोघांनाही आपापली पदे गमवावी लागली. त्सोंडेक स्वीडनमार्गे जेरूसलेमला गेले, तर आशहाइम पॅरिसला गेले.

अमेरिकेत मॉरिस फ्रीडमन व मॅक्सवेल लॅपम यांनी १९३१ मध्ये उंदरांऐवजी सशाची मादी वापरून निकालाचा काळ सु. दोन दिवसांवर आणला. दक्षिण आफ्रिकेत लॅन्सेलॉट हॉगबेन यांच्या निरीक्षणांवरून झेनोपस या नखरी बेडकाची परीक्षा विकसित झाली. मूत्राच्या अर्काचे अंतःक्षेपण दिलेली मादी एका रात्रीत अंडी घालत असे व तिला मारावे लागत नसे. अर्जेंटिनात कार्लोस गाली मायनीनी यांनी १९४७ मध्ये नर भेक वापरून काही तासांत निकाल मिळविला. एडिंबरो येथे १९२९ मध्ये गर्भधारणा-निदानाचे केंद्र स्थापन झाले व तेथे टपालाने मूत्राचे नमुने येऊ लागले. निदान रुग्णाच्या खोलीतून प्रयोगशाळेत गेले ते या काळात.

हॉर्मोनाचा उगम : आशहाइम व त्सोंडेक यांना हे हॉर्मोन पोष ग्रंथीतून येते असे वाटत होते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्जियाना सीगर व त्यांचे सहकारी यांनी वारेच्या (अपरेच्या) कोशिका काचपात्रात वाढवून दाखविल्या आणि त्या कोशिकाच हे हॉर्मोन निर्माण करतात असे १९३८ मध्ये प्रसिद्ध केले. भ्रूणाच्या जरायू या बाह्यावरणापासून ते निर्माण होत असल्यामुळे त्याला मानवी जरायुजन्य जननग्रंथिपोषक हॉर्मोन असे नाव मिळाले. संक्षेपाने त्याला एचसीजी म्हणतात. सीगर याच पुढे जॉर्जियाना जोन्स या नावाने विख्यात झाल्या. त्यांच्या व त्यांचे पती हॉवर्ड जोन्स यांच्या नॉरफोक येथील केंद्रातील उपचारांमुळे अमेरिकेतील पहिले परीक्षानलिका-अपत्य २८ डिसेंबर १९८१ रोजी जन्मले.

एचसीजीचे कार्य समजण्यासाठी पीतपिंडाचा विचार करावा लागतो. अंड बाहेर पडल्यावर अंडाशयात उरलेल्या पुटकाचा पीतपिंड बनतो. तो प्रगर्भरक्षी (प्रोजेस्टेरॉन) हे हॉर्मोन निर्माण करतो व त्यामुळे गर्भाशयाचा अंतःस्तर गर्भ रुजण्यायोग्य होतो. गर्भ न राहिल्यास सु. दोन आठवड्यांत पीतपिंड सुकतो व पाळी येते. गर्भ राहिल्यास एचसीजी पीतपिंडाला टिकवून धरते. एचसीजी हा भ्रूणाने मातेच्या शरीराला पाठविलेला पहिला संदेश असून परीक्षा तोच संदेश वाचते.

प्रतिरक्षा परीक्षा व अंडमोचनाचे उपचार : स्वीडिश वैद्य कार्ल गेमझेल यांनी १९५८ मध्ये मृत व्यक्तींच्या पोष ग्रंथींपासून काढलेले पुटकोद्दीपक हॉर्मोन देऊन अंडमोचन घडवून आणले व १९६० मध्ये या उपचाराने गर्भधारणा झाल्याचे नोंदविले. त्याच वर्षी त्यांनी लीफ वीडे यांच्यासह गर्भधारणेची पहिली व्यवहार्य प्रतिरक्षा परीक्षा प्रसिद्ध केली. तीत एचसीजीचे लेपन केलेल्या तांबड्या रक्तकोशिका व एचसीजीविरोधी प्रतिपिंडे वापरली जात. मूत्रात एचसीजी असेल, तर प्रतिपिंडे त्याच्याशी बद्ध होत व कोशिकांचे समूहन होत नसे. प्राण्यांची गरज संपली आणि निकाल दोन तासांवर आला. वंध्यत्वोपचार व गर्भनिदान या दोन्ही वाटा एकाच संशोधकाच्या कामात अशा प्रकारे एकत्र आल्या.

ब्रूनो लूनेनफेल्ट यांनी इझ्राएलमध्ये ऋतुनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रापासून काढलेले हॉर्मोन वापरले व १९६२ मध्ये त्या उपचाराने पहिले अपत्य जन्मले. क्लोमिफीन या गोळीच्या स्वरूपातील औषधाने अंडमोचन होते, हे अमेरिकेतील रॉबर्ट ग्रीनब्लॅट व त्यांचे सहकारी यांनी १९६१ मध्ये दाखविले. पोष ग्रंथींपासून केलेल्या औषधामुळे ऑस्ट्रेलियातील काही स्त्रियांना क्रॉइट्सफेल्ट-याकोप रोग झाल्याचे पुढे उघडकीस आले व १९८५ च्या सुमारास त्याचा वापर थांबला.

या उपचारांनी निदानापुढे दोन नव्या अडचणी उभ्या केल्या. पुटके वाढल्यावर अंडमोचनासाठी एचसीजीचेच अंतःक्षेपण दिले जाते, कारण त्याची क्रिया पीतपिंडकारी हॉर्मोनासारखी असते. सर्वसाधारणपणे ५,००० ते १०,००० एककांची ही मात्रा शरीरातून पूर्ण जाण्यास दहा ते चौदा दिवस लागू शकतात. तोपर्यंत केलेली परीक्षा औषधच शोधून काढते व गर्भ नसतानाही सकारात्मक ठरते. उपचारांनंतर दोन आठवडे थांबण्यास सांगितले जाते त्याचे हे एक प्रमुख कारण होय. दुसरी अडचण म्हणजे एचसीजी व पीतपिंडकारी हॉर्मोन यांच्या रेणूंतील साम्य. जुन्या प्रतिरक्षा परीक्षांना हा भेद करता येत नसे, म्हणून त्यांची संवेदनक्षमता मुद्दाम कमी ठेवावी लागे.

रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी विकसित केलेल्या किरणोत्सर्गी प्रतिरक्षामापन पद्धतीने या दुसऱ्या अडचणीतून मार्ग निघाला. ज्यूडिथ वायटुकायटिस, ग्लेन ब्राउनस्टाइन व ग्रिफ रॉस यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये एचसीजीच्या बीटा या उपघटकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली व १९७२ मध्ये केवळ एचसीजीच मोजणारी पद्धती प्रसिद्ध केली. ‘बीटा’ या नावाने रुग्णांमध्ये रूढ झालेली रक्तपरीक्षा ती हीच. यामुळे गर्भ रुजल्यानंतर थोड्याच दिवसांत त्याची खूण मिळू लागली, तसेच हॉर्मोनाचे प्रमाण आकड्यांत सांगता येऊ लागले. आकडा मिळाल्यावर दोन दिवसांनी तो पुन्हा मोजून वाढ तपासणे शक्य झाले आणि निदानाचे रूपांतर देखरेखीत झाले.

याच सुमारास परीक्षा घरीही पोहोचली. मार्गारेट क्रेन या आलेखिकेने १९६७ मध्ये घरी करावयाच्या परीक्षासंचाची रचना केली. तो १९७१ मध्ये कॅनडात व १९७७ नंतर अमेरिकेत विक्रीस आला. क्योलर व मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये शोधलेल्या एककृत्तक प्रतिपिंडांमुळे १९८८ पासून काही मिनिटांत रेषा दाखविणाऱ्या पट्ट्या मिळू लागल्या. वंध्यत्वोपचारानंतर मात्र रक्तपरीक्षाच प्रमाण मानली जाते, कारण पट्टी प्रमाण सांगत नाही.

परीक्षानलिका-गर्भधारणा : या नव्या मापनामुळे पूर्वी कधीही न दिसलेली एक घटना दृष्टीस पडली. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे कार्ल वुड यांच्या गटाने १९७३ मध्ये शरीराबाहेर फलित झालेला भ्रूण गर्भाशयात ठेवल्यावर एचसीजी दिसल्याचे, परंतु काही दिवसांतच ते नाहीसे झाल्याचे प्रसिद्ध केले. परीक्षेविना ही स्त्री केवळ पाळी आली असेच समजली असती. अशा घटनेला आता ‘जीवरासायनिक गर्भधारणा’ म्हणतात. ती उपचारांपुरतीच मर्यादित नाही. अमेरिकेतील ॲलन विल्कॉक्स व त्यांचे सहकारी यांनी निसर्गतः गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या २२१ स्त्रियांच्या रोजच्या मूत्राची परीक्षा करून १९८८ मध्ये निष्कर्ष मांडले. आढळलेल्या १९८ गर्भधारणांपैकी २२ टक्के कोणालाही कळण्यापूर्वीच संपल्या होत्या. नंतरचे गर्भपात धरून एकूण हानी ३१ टक्के होती. उपचार घेणाऱ्या स्त्रीला जी हानी मोजून दाखविली जाते, ती इतरांच्या बाबतीत बहुधा नकळत घडून जाते.

इंग्लंडमधील ओल्डॅम येथे पॅट्रिक स्टेप्टो, रॉबर्ट एडवर्ड्‌झ व जीन पर्डी यांनी मिळविलेल्या पहिल्या गर्भधारणेतून दुसरा धडा मिळाला. भ्रूण गर्भाशयात ठेवला असूनही तो अंडवाहिनीत जाऊन रुजला व ती गर्भधारणा शस्त्रक्रियेने संपवावी लागली. हा वृत्तांत १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. परीक्षा सकारात्मक असणे व गर्भ योग्य जागी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट झाले. औषधांनी उद्दीपित केलेल्या चक्रांत पीतपिंडाचा काळ अपुरा पडतो असे दिसल्याने या गटाने नैसर्गिक ऋतुचक्राचा मार्ग धरला. मूत्रातील पीतपिंडकारी हॉर्मोन दर काही तासांनी मोजून अंड काढण्याची वेळ ठरविली जाई. १० नोव्हेंबर १९७७ रोजी काढलेल्या अंडापासून २५ जुलै १९७८ रोजी लुईझ ब्राउन हिचा जन्म झाला. या कार्यासाठी एडवर्ड्‌झ यांना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. तोपर्यंत पर्डी व स्टेप्टो हे दोघेही दिवंगत झाले होते.

श्राव्यातीत ध्वनिचित्रण : ग्लासगो येथील इअन डॉनल्ड, जॉन मॅकव्हिकार व अभियंता टॉम ब्राउन यांनी १९५८ मध्ये उदरातील गाठी व गर्भ यांची श्राव्यातीत ध्वनीने मिळविलेली चित्रे प्रसिद्ध केली. मूत्राशय भरलेले असल्यास आरंभीच्या आठवड्यांतील गर्भकोशही दिसतो, असे डॉनल्ड यांना पुढे आढळले. त्यांचे सहकारी ह्यू रॉबिन्सन यांनी १९७२ मध्ये पहिल्या तिमाहीतील गर्भाच्या हृदयाची हालचाल टिपण्याची पद्धती दिली व १९७३ मध्ये भ्रूणाच्या डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून गर्भाचे वय ठरविण्याची रीत सांगितली. १९८० नंतरच्या दशकात योनिमार्गातून वापरावयाची शलाका प्रचारात आली. तिने अंड काढण्याची शस्त्रक्रिया सोपी केली, तसेच गर्भकोश सु. एक आठवडा आधी दाखविला.

रक्तातील आकडा व पडद्यावरील चित्र यांची सांगड निकोलस कादार व त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये घातली. एचसीजी ६,५०० एककांच्या वर असूनही गर्भाशयात गर्भकोश दिसत नसेल, तर अपस्थानी गर्भधारणेची शंका घ्यावी, असा नियम त्यांनी मांडला. योनिमार्गी शलाकेमुळे ही मर्यादा १,५०० ते २,००० एककांपर्यंत खाली आली. मात्र एवढ्या आकड्यावर विसंबल्याने निरोगी गर्भही अपस्थानी ठरविले जाण्याचा धोका दिसून आला. म्हणून अलीकडे ती ३,५०० पर्यंत वाढविण्याची शिफारस करण्यात आली आहे. वाढीच्या वेगाबाबतही असेच झाले. निरोगी गर्भात दोन दिवसांत एचसीजी निदान ६६ टक्क्यांनी वाढावे, हा १९८१ चा नियम होता. २००४ मध्ये कर्ट बार्नहार्ट व त्यांचे सहकारी यांनी ही किमान वाढ ५३ टक्के असू शकते असे दाखविले.

निदानातील चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. अपस्थानी गर्भ ओळखला न गेल्यास अंडवाहिनी फुटून स्त्रीच्या प्राणावर बेतते. लॉसन टेट यांनी १८८३ मध्ये यशस्वी शस्त्रक्रिया करेपर्यंत फुटलेली अंडवाहिनी म्हणजे बहुधा मृत्यूच असे. आता हा गर्भ लवकर ओळखल्यास १९८२ पासून वापरात आलेल्या मेथोट्रेक्सेट या औषधाने पुष्कळदा शस्त्रक्रिया टाळता येते. याच्या उलट, जिवंत गर्भ मृत ठरविला गेल्यास अनेक वर्षांच्या उपचारांनी मिळालेले अपत्य हिरावले जाते. या कारणाने निकष अधिक कडक करण्यात आले. भ्रूणाची लांबी ७ मिमी. किंवा त्याहून अधिक असूनही हृदयस्पंदन नसणे, अथवा गर्भकोशाचा सरासरी व्यास २५ मिमी. किंवा अधिक असूनही त्यात भ्रूण नसणे, यांवरूनच निर्णय द्यावा, असे २०१३ मध्ये तज्ञांनी सुचविले. शंका असल्यास काही दिवस थांबून पुन्हा तपासावे, हे यातील सार होय.

प्रचलित पद्धती : गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजण्याची जुनी रीत उपचारांनंतरही पाळली जाते, अंड काढल्याचा दिवस दोन आठवड्यांचा धरतात. त्यामुळे भ्रूण प्रत्यक्षात दोन आठवड्यांचा असताना गर्भधारणा चार आठवड्यांची म्हणतात. या सुमारास पहिली रक्तपरीक्षा होते. दर मिलिलिटरला ५ सहस्रांश एककांपेक्षा कमी प्रमाण नकारात्मक, २५ पेक्षा अधिक सकारात्मक व मधले संदिग्ध मानतात. दोन दिवसांनी ती पुन्हा केली जाते. पहिल्या आकड्याच्या लहानमोठेपणापेक्षा वाढीचा कल अधिक महत्त्वाचा असतो. सहाव्या-सातव्या आठवड्यात ध्वनिचित्रण करतात. साधारणपणे पाचव्या आठवड्यात गर्भकोश, त्यानंतर पीतक कोश व सहाव्या आठवड्याच्या सुमारास हृदयस्पंदन दिसते. गर्भांची संख्याही याच वेळी कळते. उपचारांनंतर जुळी-तिळी राहण्याचे प्रमाण अधिक असल्याने ही माहिती महत्त्वाची असते. एक गर्भ गर्भाशयात व दुसरा बाहेर, अशी एरवी अत्यंत विरळ असणारी स्थिती उपचारांनंतर तुलनेने अधिक आढळते. म्हणून गर्भाशयात एक गर्भ दिसल्यावरही अंडवाहिन्या पाहिल्या जातात. फुगलेले पोट, धाप व लघवी कमी होणे या लक्षणांकडेही लक्ष ठेवावे लागते. अंडाशयांच्या अतिउद्दीपनाने ती उद्भवतात व गर्भाच्या स्वतःच्या एचसीजीमुळे वाढू शकतात.

आधारोपचार : देखरेखीबरोबर गर्भ टिकविण्यासाठी औषधे देण्याची प्रथाही वाढली. हंगेरियन वैज्ञानिक आर्पाड चापो यांनी १९७२-७३ मध्ये दाखविले की, सातव्या आठवड्यापूर्वी पीतपिंड काढल्यास गर्भपात होतो. परंतु प्रगर्भरक्षी बाहेरून दिल्यास गर्भ टिकतो. नवव्या आठवड्यानंतर वारच हे काम सांभाळते. अंडाशये निकामी असलेल्या स्त्रियांना दुसऱ्या स्त्रीच्या अंडापासून गर्भधारणा होऊ शकते, हे १९८४ च्या सुमारास सिद्ध झाले आणि चापो यांच्या निष्कर्षांना पुष्टी मिळाली. परीक्षानलिका-उपचारांनंतर प्रगर्भरक्षी देण्यास हा शास्त्रीय आधार आहे.

आधार नसलेल्या औषधांचा अनुभव मात्र दारुण आहे. डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्रीमदजन गर्भपात टाळण्यासाठी अमेरिकेत १९४० नंतर मोठ्या प्रमाणावर दिले गेले. ते निरुपयोगी असल्याचे शिकागो येथील विल्यम डीकमन यांच्या चाचणीत १९५३ मध्ये दिसून आले, तरी त्याचा वापर चालूच राहिला. ते घेतलेल्या मातांच्या मुलींना तारुण्यात योनिमार्गाचा विरळ कर्करोग होतो, असे १९७१ मध्ये आर्थर हर्ब्स्ट व त्यांचे सहकारी यांनी दाखविल्यावर ते थांबले. गर्भ आहे की नाही हे पाहण्यासाठी हॉर्मोनांच्या गोळ्या देऊन पाळी येते का याची वाट पाहण्याची पद्धतही काही दशके रूढ होती. तिच्यापासून गर्भाला अपाय होतो काय याविषयी १९६७ पासून वाद झाला. भारतात अशा अधिक मात्रेच्या मिश्रणांवर १९८८ मध्ये बंदी घालण्यात आली. रक्तस्राव होत असलेल्या चार हजारांहून अधिक गर्भवतींवर ब्रिटनमध्ये झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रगर्भरक्षीचा सरसकट लाभ आढळला नाही. पूर्वी गर्भपात झालेल्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र काही लाभ दिसला.

भारतातील प्रगती : कलकत्ता येथील डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांनी ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, म्हणजे लुईझ ब्राउननंतर ७० दिवसांनी, एका मुलीचा जन्म झाला. हॉर्मोनांनी अंडाशयाचे उद्दीपन करणे व गोठविलेला भ्रूण नंतरच्या चक्रात गर्भाशयात ठेवणे ही त्यांच्या पद्धतीची वैशिष्ट्ये होती. दोन्ही पुढे जगभर रूढ झाली. पश्चिम बंगाल शासनाच्या समितीने त्यांचा दावा फेटाळला. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

मुंबईत के. ई. एम. रुग्णालय आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची प्रजननविषयक संशोधन संस्था यांच्या सहकार्याने डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी या उपचारांचे काम केले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी तेथे हर्षा या मुलीचा जन्म झाला व देशातील पहिले शास्त्रीयदृष्ट्या नोंदलेले परीक्षानलिका-अपत्य म्हणून ते मान्य झाले. आनंद कुमार यांनी पुढे मुखोपाध्याय यांची हस्तलिखित टिपणे अभ्यासली आणि १९९७ मध्ये आद्यत्वाचा मान स्वतःकडे न ठेवता मुखोपाध्याय यांना दिला. उपचाराच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणे हे रुग्णाइतकेच विज्ञानाच्या दृष्टीनेही किती मोलाचे असते, याचे हे उदाहरण होय.

ध्वनिचित्रणाचा भारतात लिंगनिदानासाठी दुरुपयोग झाल्यामुळे या साधनावर कायद्याचे नियंत्रण आले. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम असा कायदा केला. केंद्रीय कायदा १९९४ मध्ये झाला व २००३ मध्ये गर्भधारणापूर्व लिंगनिवडीलाही त्याच्या कक्षेत आणण्यात आले. त्यामुळे उपचारांनंतरच्या प्रत्येक ध्वनिचित्रणाची विहित नमुन्यात नोंद ठेवावी लागते. साहाय्यित प्रजनन केंद्रांची नोंदणी व नियमन यांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला.

मानसिक बाजू : भ्रूण ठेवल्यापासून पहिल्या रक्तपरीक्षेपर्यंतचे दोन आठवडे दांपत्याला विशेष कठीण जातात. प्रगर्भरक्षीमुळे स्तन दुखणे, मळमळ, थकवा ही गर्भारपणाची लक्षणे औषधानेही निर्माण होतात. त्यामुळे स्त्रीला स्वतःच्या शरीराच्या साक्षीवर विसंबता येत नाही. एके काळी निदानाचा शेवटचा अधिकार ज्या अनुभवाकडे होता, तो अनुभवच येथे मुका होतो व त्याची जागा प्रयोगशाळेतून येणारा आकडा घेतो. सकारात्मक निकालानंतरही दुसरा आकडा, गर्भकोश व हृदयस्पंदन यांची क्रमाने वाट पाहावी लागते. नातलगांना केव्हा सांगावे आणि गर्भ संपल्यास ते दुःख कोणापुढे व्यक्त करावे, हे प्रश्न घराघरांत उभे राहतात. ज्या हानीला पूर्वी नावही नव्हते तिला आता तारीख व आकडा आहे, परंतु तिच्यासाठी समाजात कोणताही रूढ आचार नाही. आरंभीच्या बहुतेक हानींचे कारण भ्रूणातील गुणसूत्रांचा दोष हे असते. स्त्रीचे चालणे-फिरणे, काम किंवा आहार यांमुळे त्या सहसा घडत नाहीत. हे निकालाबरोबरच स्पष्टपणे सांगणे हा या निदानाचा आवश्यक भाग मानला पाहिजे. सातव्या-आठव्या आठवड्यात गर्भाशयात नियमित हृदयस्पंदन दिसल्यावर गर्भ टिकण्याची संभाव्यता पुष्कळ वाढते. साधारणपणे दहाव्या ते बाराव्या आठवड्यात आधारोपचार थांबवून अशा स्त्रीला इतर कोणत्याही गर्भवतीप्रमाणे नेहमीच्या प्रसूतिपूर्व देखरेखीकडे सोपविण्यात येते.